मूळ गीत आणि पुनर्गायन : श्रेष्ठत्वाच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

एका गायकाने गाऊन लोकप्रिय केलेले गीत दुसऱ्या गायकाने पुन्हा गाण्याच्या प्रकाराला आज 'कव्हर व्हर्जन' असे म्हटले जाते. मराठीत त्यासाठी एकच रूढ शब्द नाही. प्रस्तुत लेखात 'पुनर्गायन' हा शब्द योजला आहे. पुनर्गायन मूळ गीतापेक्षा सरस ठरू शकते काय, हा प्रश्न रसिकांच्या बैठकीत नेहमी निघतो आणि बहुधा दोन ठरावीक उत्तरांवर येऊन थांबतो. 'मूळ ते मूळच' हे पहिले उत्तर. 'ज्याची त्याची आवड' हे दुसरे. पहिले उत्तर श्रद्धेचे आहे, तर दुसरे चर्चा संपवणारे आहे. दोन्हींत समीक्षेला वाव उरत नाही.

या प्रश्नाचे उत्तर 'मूळ' या शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे, अशी या लेखाची भूमिका आहे. मराठी संगीताच्या परंपरेत ज्याला मूळ मानले जाते, ते पुष्कळदा स्वतःच एक पुनर्गायन असते. त्यामुळे 'सरस' ठरवण्याचा निकष मुळाशी असलेल्या साम्यात शोधता येत नाही. मुळात राहून गेलेली कोणती शक्यता पुनर्गायनाने पूर्ण केली, यात तो शोधावा लागतो. नाट्यपदे, 'गीतरामायण' आणि अलीकडील मराठी संगीतप्रधान चित्रपट यांच्या आधारे येथे ही मांडणी केली आहे.

कर्जत-खालापूर परिसर आणि पुनर्गायन

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर हे तालुके बोरघाटाच्या पायथ्याशी वसले आहेत. मुंबई आणि पुणे या दोन्ही सांस्कृतिक केंद्रांच्या मधोमध असूनही संगीत रंगभूमीचे किंवा गायनाच्या मोठ्या मैफलींचे हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे. येथील बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत गाणे पोहोचले ते आधी रेडिओ, मग कॅसेट आणि आता मोबाईल यांच्या मार्गाने, म्हणजे मुद्रित रूपात. मूळ गायकाला समोर बसून ऐकण्याचा योग विरळा असल्याने येथे पुनर्गायनाचे महत्त्व वाढते. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा, देवळातील भजन आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलन या तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष ऐकू येणारे गाणे प्रायः दुसऱ्या कोणाचे तरी असते.

या परिसरातील गायनाचे आणखी दोन प्रवाह लक्षात घेतले पाहिजेत. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील भजनी मंडळे हा पहिला प्रवाह होय. कर्जत आणि खोपोलीहून रोज नोकरीसाठी जाणाऱ्या प्रवाशांना ती परिचित आहेत. जुन्या अभंगाला नव्या गाण्याची चाल लावणे हा तेथील नित्याचा प्रघात आहे. शब्द एका ठिकाणचे, चाल दुसऱ्या ठिकाणची आणि गाणारा तिसराच, अशी तेथील रचना असते. दुसरा प्रवाह ठाकर आणि कातकरी वस्त्यांमधील लग्नाच्या आणि फेराच्या गाण्यांचा. मौखिक परंपरेतल्या या गाण्यांना पहिला गायक नाही, पहिले ध्वनिमुद्रण नाही आणि प्रमाण संहिताही नाही. प्रत्येक वेळी गायले जाणारे गाणे हे पुनर्गायनच असते, पण ते कोणाचे पुनर्गायन, याला उत्तर नसते. 'मूळ' ही संकल्पना सार्वत्रिक नसून ध्वनिमुद्रणाच्या तंत्राबरोबर ती दृढ झाली, हे या दोन प्रवाहांवरून स्पष्ट होते.

याच परिसरात खालापूर तालुक्यातील चौकजवळ हातनोली येथे कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. कर्जतच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्टुडिओत 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटासाठी आग्र्याच्या किल्ल्याची प्रतिकृती उभी राहिली होती. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई यांचे निधन झाले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व असे, की पुनर्गायनाचा प्रश्न ज्याने मराठीत ठळकपणे पुढे आणला त्या 'बालगंधर्व' (२०११) या चित्रपटाची निर्मिती त्यांनी केली. प्रतिकृती उभारण्यात हयात घालवलेल्या कलावंताने एका अप्रतिम आवाजाच्या प्रतिकृतीचे आव्हान स्वीकारावे, ही घटना विचार करण्याजोगी आहे.

'मूळ' म्हणजे काय? नाट्यपदावरील 'चाल'

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या काळातील संगीत नाटकांची छापील पुस्तके चाळली असता एक बाब प्रकर्षाने नजरेत भरते. पदाच्या माथ्यावर राग आणि ताल यांच्यासोबत 'चाल' असा शब्द छापून त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गीताचे नाव दिलेले असते. ते गीत कधी हिंदुस्थानी बंदिश असे, कधी लावणी, कधी कानडी पद, तर कधी आधीच्याच नाटकातले गाजलेले पद. नवे पद कोणत्या जुन्या गाण्यावर बेतले आहे, हे नाटककार उघडपणे सांगत असे. त्यात त्याला कमीपणा वाटत नसे आणि वाचकालाही ते खटकत नसे. उलट, गाणाऱ्याची त्यामुळे सोय होई.

पुढे गोविंदराव टेंबे यांनी 'मानापमान' (१९११) आणि भास्करबुवा बखले यांनी 'स्वयंवर' (१९१६) या नाटकांच्या पदांना चाली दिल्या, तेव्हाही हीच रीत अधिक प्रगल्भ रूपात चालू राहिली. टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला, तर बखलेबुवांनी ख्यालाच्या बंदिशींचा संस्कार नाट्यपदांवर केला. आज ज्या पदांना रसिक 'बालगंधर्वांची मूळ पदे' म्हणतात, त्यांतील कित्येकांच्या मागे अशी एखादी जुनी बंदिश उभी आहे. ती बंदिश आज फारच थोड्यांना ठाऊक असते, पद मात्र घरोघर पोहोचले आहे.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. नंतरचे गाणे आधीच्या गाण्याला मागे टाकू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर मराठी संगीत रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वीच होकारार्थी दिले आहे. फरक इतकाच, की त्या वेळी शब्द बदलत, प्रसंग बदले आणि गाण्याला एक पात्र लाभे. विलंबित लयीतल्या बंदिशीत जे केवळ स्वरांचे आर्जव होते, ते रुक्मिणीच्या किंवा भामिनीच्या तोंडी आल्यावर एका विशिष्ट स्त्रीचे आर्जव झाले. मुळात जे सर्वसामान्य होते, त्याला नाट्यपदाने विशिष्टता दिली. सरसपणाचा पहिला निकष येथे हाती लागतो.

कायद्याची दृष्टी आणि तिची मर्यादा

कायद्यालाही या विषयाची दखल घ्यावी लागली आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ च्या पोटकलमान्वये मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी ठरावीक स्वामित्वशुल्क भरून त्याच गीताचे नवे ध्वनिमुद्रण करण्याची मुभा होती. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि जुन्या हिंदी गीतांच्या पुनर्गायनाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्याला या तरतुदीचा आधार होता. २०१२ च्या दुरुस्तीने ही तरतूद वगळून कलम ३१-सी आणले गेले. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षाअखेरीनंतर पाच वर्षे उलटल्याशिवाय असे पुनर्गायन करता येत नाही, तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेले बदल करता येत नाहीत आणि हे 'कव्हर व्हर्जन' आहे, असे वेष्टनावर नमूद करावे लागते.

या तरतुदींमागील गृहीतक समीक्षकाने तपासून पाहिले पाहिजे. कायद्याच्या लेखी शब्द आणि स्वररचना ही 'कृती' असते, तर गायन हे त्या कृतीचे सादरीकरण असते. म्हणूनच गायक बदलला तरी कृती तीच राहते, असे कायदा मानतो. भारतीय संगीताचा अनुभव याच्या उलट आहे. बंदिशीचे चार चरण म्हणजे गाणे नव्हे. गाणे त्या चरणांच्या निमित्ताने घडते. नाट्यपदात तर मुखड्याला येण्याची रीत, शब्द तोडण्याची जागा आणि लयीवरचा रेंगाळ याच गोष्टी श्रोत्याच्या स्मरणात राहतात. बदलाला मज्जाव करणारा कायदा हक्कांचे रक्षण करतो आणि ते आवश्यकही आहे. परंतु ज्या बदलांमुळे पुनर्गायन सरस होण्याची शक्यता निर्माण होते, नेमके तेच बदल तो टाळायला लावतो. 'विश्वासू' आणि 'सरस' ही दोन वेगळी मूल्ये आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

बालगंधर्वांचे गायन आणि त्यांचे दोन वारस

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांच्या गायनाचा विचार करताना एक अडचण आरंभीच नोंदवावी लागते. त्यांचे 'मूळ' गायन रंगमंचावर घडत होते. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात 'वन्समोअर' घेत एकेक पद खुलत जाई. साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवाँचा तबला असे. यापैकी आज उपलब्ध आहे ते मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे गाणे. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. त्या तीन मिनिटांत मावावे म्हणून पदाचा संक्षेप करावा लागे. त्यामुळे तबकडीला मूळ मानणे म्हणजे सारांशाला ग्रंथ मानण्यासारखे आहे. बालगंधर्वांच्या पदांचे कोणतेही पुनर्गायन आज तुलनेला घेतले, तरी ती तुलना प्रत्यक्षात या सारांशाशीच होत असते.

असे असले तरी तबकड्यांतून त्या गायकीची काही लक्षणे निश्चितपणे जाणवतात. शब्द बोलल्यासारखा उमटतो. तो लयीच्या किंचित मागे रेंगाळतो आणि समेवर मात्र अचूक येतो. तानेचा पसारा नाही, लहान लहान हरकती आहेत, आणि त्या शब्दाच्या अर्थापासून सुटत नाहीत. पुरुषाच्या गळ्यातून उमटणारे स्त्रीचे लाघव हे त्या गायनाचे मर्म होय.

या गायकीचे दोन वारस येथे विचारात घेतले आहेत. पहिले कुमार गंधर्व (१९२४-१९९२). बालगंधर्वांच्या पदांच्या कार्यक्रमाला त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' असे नाव दिले. या शीर्षकातील 'मला उमजलेले' हे दोन शब्द म्हणजे पुनर्गायनाविषयीची एक स्वतंत्र भूमिकाच आहे. 'बालगंधर्व जसे गात तसे' असा त्यांचा दावा नाही. कुमारांच्या गळ्याचा धर्म निराळा आहे. त्यांची स्वरवाक्ये आखूड आणि आवेगी असतात, आवाज क्षणात तीव्र तर क्षणात मृदू होतो. या गळ्याने त्यांनी बालगंधर्वांचा आवाज उचलला नाही. पदाच्या बांधणीतले तर्कशास्त्र उलगडून दाखवले. कोणत्या शब्दावर भार आहे, मुखडा कोठून उगवतो, अंतरा कोठे वळतो, हे तबकडीतल्या ओघात सहज वाहून जाणारे तपशील कुमारांच्या गायनात स्वच्छ दिसू लागतात. पदाच्या रचनेचे भान देण्यात हे पुनर्गायन मुळाच्या पुढे जाते, असे म्हणायला प्रत्यवाय नाही. त्याच वेळी हेही म्हटले पाहिजे, की त्या गायनात रुक्मिणी किंवा 'एकच प्याला'तील सिंधू उभी राहत नाही. मैफलीत पात्र मागे सरते आणि संगीत पुढे येते. येथे जे कमावले आहे त्याची किंमतही मोजलेली आहे.

दुसरे वारस आनंद भाटे. लहानपणापासून नाट्यपदे गाऊन 'आनंद गंधर्व' म्हणून ओळखले गेलेले आणि पुढे पंडित भीमसेन जोशी यांची तालीम लाभलेले भाटे यांनी 'बालगंधर्व' चित्रपटासाठी पार्श्वगायन केले. रवी जाधव यांचे दिग्दर्शन, कौशल इनामदार यांचे संगीत आणि शीर्षकभूमिकेत सुबोध भावे असा हा चित्रपट होता. या गायनासाठी भाटे यांना ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा सन्मान मिळाला. त्यांच्यापुढील काम कुमारांच्या नेमके उलट होते. पडद्यावर बालगंधर्व दिसत असताना आवाजातून दुसरेच कोणी जाणवू नये, ही त्या कामाची अट होती. स्वतःला मिटवण्याची ही साधना भाटे यांनी विलक्षण निष्ठेने पार पाडली. सूर निकोप आहे, शब्द स्पष्ट आहेत आणि तबकडीच्या खरखरीत बुडालेल्या साथीच्या वाद्यांना नव्या ध्वनिमुद्रणात त्यांची जागा मिळाली आहे.

मात्र हे गायन मुळापेक्षा सरस आहे, असे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण गायकाच्या क्षमतेत नाही. चित्रपटातील पद प्रसंगाच्या लांबीनुसार कापले जाते. तबकडीवर जो संक्षेपाचा ताण होता तो येथेही कायम आहे, आणि रंगमंचावर 'वन्समोअर'नंतर पद जसे नव्याने फुटत असे, ती मोकळीक येथेही नाही. म्हणजेच मुळात जे राहून गेले होते ते या पुनर्गायनातही राहूनच गेले. या गायनाने साधले ते निराळे आहे. तबकडीची खरखर सहन न होणाऱ्या पिढीला त्याने पुन्हा तबकडीकडे वळवले. हे कार्य श्रेष्ठत्वाच्या खाली येत असले तरी सांस्कृतिकदृष्ट्या ते मोलाचे आहे.

'कट्यार काळजात घुसली' : एक पद, दोन गायक्या

पुनर्गायनाचा प्रश्न थेट रंगमंचावर आणणारे नाटक म्हणून पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकाकडे पाहता येते. संगीत दिग्दर्शक जितेंद्र अभिषेकी यांनी या नाटकातील 'घेई छंद' या पदाला दोन स्वतंत्र रूपे दिली. पंडितजींच्या गायकीतले रूप सालगवराळी रागात आहे आणि ते संथ, चिंतनशील आहे. खाँसाहेबांच्या गायकीतले रूप धानी रागात आहे, ते चपळ आणि तेजस्वी आहे. शब्द तेच असताना राग, लय आणि गायकाचा स्वभाव बदलला की अर्थ कसा पालटतो, याचा हा वस्तुपाठच होय. शब्दांत वर्णिलेला भ्रमर एका रूपात मधाशी एकाग्र झालेला वाटतो, तर दुसऱ्यात फुलाफुलांवर भिरभिरणारा.

यातील कोणते रूप सरस? नाटक स्वतः हा निर्णय देत नाही आणि तेच त्याचे शहाणपण आहे. दोन घराण्यांतील वैराची ही कथा सदाशिव या शिष्यापाशी येऊन थांबते. चोरून ऐकलेली विद्या आणि पचवलेली विद्या यांतील भेद त्याच्या प्रवासातून नाटककार दाखवतो. नुसती उचललेली गायकी ही चोरी ठरते. तिचे ऋण मान्य करून तिच्यात स्वतःचे काही मिसळले, तरच तिला वारशाची प्रतिष्ठा मिळते.

वसंतराव देशपांडे (१९२०-१९८३) यांनी अजरामर केलेले खाँसाहेब पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी रंगमंचावर साकारले. सुबोध भावे दिग्दर्शित २०१५ च्या चित्रपटातही खाँसाहेबांची पदे त्यांनीच गायली. या चित्रपटात अभिषेकींच्या रचनांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना होत्या. ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत महेश काळे यांना पार्श्वगायनाचा सन्मान मिळाला, तो जुन्या पदाच्या पुनर्गायनासाठी नव्हे, तर 'अरुणि किरणी' या नव्या रचनेसाठी. पुढे ६८ व्या पुरस्कारांत राहुल देशपांडे यांना 'मी वसंतराव' या चित्रपटातील गायनासाठी हाच सन्मान मिळाला. एका दशकाच्या आसपास तीन वेळा हा राष्ट्रीय सन्मान जुन्या मराठी गायकीच्या स्मरणाभोवती गुंफलेल्या चित्रपटांना मिळावा, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु नव्या पिढीतील इतके समर्थ गळे प्रामुख्याने पूर्वजांच्या आठवणीत गुंतून पडत असतील, तर त्याची चिंताही केली पाहिजे.

'गीतरामायण' : पुनर्गायनच मूळ झाले तेव्हा

पुनर्गायनाने मुळाची जागा घेतल्याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे 'गीतरामायण'. सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही ५६ गीतांची मालिका आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून सुमारे वर्षभर प्रसारित झाली. मूळ प्रसारणात ती अनेक आवाजांत होती. स्वतः फडके यांच्याखेरीज माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, सुरेश हळदणकर, राम फाटक, ललिता फडके अशा अनेक गायकांचा त्यात सहभाग होता. राम, सीता, कौसल्या, हनुमान अशा वेगवेगळ्या पात्रांची गीते वेगवेगळ्या गळ्यांतून उमटत होती. पुढे फडके यांनी जाहीर कार्यक्रमांतून आणि ध्वनिमुद्रिकांतून ती एकट्यानेच गायली. आज 'गीतरामायण' म्हटले की घराघरांत फडके यांचाच आवाज आठवतो. आकाशवाणीवरील बहुस्वरी रूप आता मुख्यतः जाणकारांच्या आठवणीत आणि संग्रहात उरले आहे.

हा केवळ लोकप्रियतेचा विजय होता काय? तसे वाटत नाही. मूळ रूप हे श्रुतिकेच्या जवळचे होते. एकट्याच्या आवाजातील रूप कीर्तनाच्या जवळ गेले. कीर्तनकार एकटा उभा राहून कौसल्येचा शोक, सीतेचे गाऱ्हाणे आणि हनुमंताचा आवेश कथन करतो, आणि मराठी श्रोत्याला ही रीत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. माडगूळकरांच्या रचनेतच लव-कुशांनी गायिलेल्या कथेची चौकट आहे. ती कथनाची चौकट मूळ बहुस्वरी प्रसारणापेक्षा एकल गायनात अधिक सुसंगत ठरली. म्हणजे मूळ कृतीत सुप्त असलेले कथन पुनर्गायनाने प्रकट केले. या अर्थाने ते सरस आहे. दुसऱ्या बाजूला सीतेची आणि कौसल्येची वेदना स्त्रीच्या गळ्यातून ऐकण्याचा अनुभव त्यात हरवला. सीतात्यागाच्या प्रसंगातील गीत पुरुषाच्या समंजस आवाजात ऐकताना त्यातील जाब विचारण्याची धार बोथट होते, हे नाकारता येणार नाही.

आक्षेपांचा विचार

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की श्रोता प्रथम जे ऐकतो तेच त्याला मूळ आणि श्रेष्ठ वाटते. म्हणून श्रेष्ठत्वाची चर्चा ही शेवटी सवयीची चर्चा ठरते. या आक्षेपात तथ्य आहे. आज वीस वर्षांच्या श्रोत्यासाठी नाट्यपदाचे मूळ म्हणजे बहुधा चित्रपटातले पद असते. परंतु सवय बदलता येते आणि ती बदलणे हेच शिक्षणाचे काम आहे. 'गीतरामायणा'ची दोन्ही रूपे एकापाठोपाठ ऐकवली, तर वर नोंदलेले लाभ आणि हानी कोणत्याही सजग विद्यार्थ्याला जाणवतील. सवयीपलीकडे जाण्याचा मार्ग तुलनेतून जातो.

दुसरा आक्षेप पुनर्गायनाच्या अर्थकारणासंबंधी आहे. पुनर्गायन ही मुळात बाजाराची गरज असून त्यात कलाविचार शोधणे व्यर्थ आहे, असे काही अभ्यासकांना वाटते. १९८० नंतरच्या कॅसेट व्यवसायाकडे आणि पुढील रिमिक्सच्या लाटेकडे पाहता हा आक्षेप समजण्यासारखा आहे. तथापि संगीत नाटक मंडळ्याही तिकिटांवरच चालत होत्या आणि 'वन्समोअर' ही देखील प्रेक्षकांचीच मागणी होती. प्रेरणा व्यावसायिक असल्याने निर्मितीचा दर्जा आपोआप ठरत नाही.

महाविद्यालयीन स्पर्धा आणि परीक्षणाचा प्रश्न

प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने या चर्चेला एक व्यावहारिक बाजू आहे. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असून दरवर्षीच्या युवा महोत्सवात विद्यार्थी सुगम गायन आणि नाट्यगीत गायन सादर करतात. कर्जत-खालापूर भागातील अनेक विद्यार्थ्यांना संगीताचे नियमित शिक्षण मिळालेले नसते. मोबाईलवरील ध्वनिमुद्रण हाच त्यांचा गुरू असतो. त्या ध्वनिमुद्रणातील प्रत्येक हरकत आणि प्रत्येक श्वास जसाच्या तसा उतरवणे हे ते यश मानतात. परीक्षकही पुष्कळदा 'हुबेहूब' हा शब्द प्रशंसेसाठी वापरतात. परिणामी, ज्याच्याकडे महागडा गुरू नाही पण स्वतःचा गळा आणि स्वतःची समज आहे, असा विद्यार्थी मागे पडतो. गावाकडील उच्चार आणि मोकळा खुला आवाज ही त्याची उणीव ठरते, वस्तुतः तीच त्याची पुंजी असू शकते.

यावर 'काहीही बदल करा' असा सल्ला देणे हाही उपाय नव्हे. न समजता केलेला बदल अनुकरणाहूनही वाईट असतो. अनुकरण ही शिक्षणाची पहिली पायरी आहे आणि गुरुकुल पद्धतीतही ती होतीच. मात्र गुरू शिष्याला पहिल्या पायरीवर थांबू देत नसे. परीक्षणात सूर, ताल आणि उच्चार यांच्याबरोबर 'पदाची समज' या बाबीला स्वतंत्र गुण ठेवता येतील. पद कोणत्या नाटकातले, कोणत्या पात्राच्या तोंडचे, कोणत्या प्रसंगी आलेले आणि कोणाच्या गायनावरून शिकलेले, हे विद्यार्थ्याने गाण्यापूर्वी दोन वाक्यांत सांगावे. जुन्या नाट्यपुस्तकांत पदाच्या माथ्यावर जी 'चाल' छापली जात असे, तिचेच हे आजचे रूप होईल.

निष्कर्ष

पुनर्गायन मूळ गीतापेक्षा सरस ठरू शकते, हे बंदिशीवरून घडलेल्या नाट्यपदांच्या आणि 'गीतरामायणा'च्या उदाहरणांवरून स्पष्ट होते. तसे ठरण्यासाठी मुळात अव्यक्त राहिलेली शक्यता पुनर्गायनाने व्यक्त करावी लागते. बंदिशीला पात्र मिळाले, पदाच्या रचनेचे तर्कशास्त्र उघड झाले किंवा श्रुतिकेतले कथन कीर्तनाच्या रूपात प्रकटले, तेव्हा पुनर्गायन मुळापुढे गेले. केवळ आवाजाचे साम्य, ध्वनिमुद्रणाची सफाई किंवा लोकप्रियता यांमुळे ते घडत नाही. भाटे यांच्या गायनासारखे निष्ठावंत पुनर्गायन सरस नसले तरी मुळाकडे नेणारा पूल म्हणून त्याचे स्थान आदराचे आहे, आणि त्याचे मूल्यमापन त्याच भूमिकेतून व्हावयास हवे.

प्रत्येक सरस पुनर्गायनात काही हरवतेही. कुमारांच्या गायनात सिंधू हरवली, फडक्यांच्या गायनात सीतेचा स्वतःचा आवाज हरवला. म्हणूनच पुनर्गायन कितीही श्रेष्ठ असले तरी मुळाचे जतन अनिवार्य ठरते. ज्या परिसरात गाणे प्रामुख्याने मुद्रित रूपात पोहोचते, तेथे महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी एकाच गीताची विविध रूपे नोंदींसह संग्रहित करणे आणि ती वर्गात शेजारी शेजारी ऐकवणे शक्य आहे. ठाकर आणि कातकरी वस्त्यांतील गाणीही गाणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावानिशी त्या संग्रहात यावीत. या कामाला मोठा निधी लागत नाही. संगीत, मराठी आणि समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन ते आपल्या महाविद्यालयापुरते सुरू करणे पुरेसे आहे.